बार उडाला, पुंगळीचे काय?



दसऱ्याच्या आगेमागे हळवे भात पिकते आणि महाड-पोलादपूरच्या डोंगरकडेच्या वाड्यांत रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरांचा कळप खाचरात शिरला की खातो थोडे आणि तुडवतो फार. वरकस जमिनीवरची नाचणी-वरी, बांधावरची तूर, भातानंतरचे वाल, परसातली रताळी, काही सुटत नाही. दिवसा माकडे, रात्री डुक्कर. अशा राखणीसाठी आपल्या दोन्ही तालुक्यांत काही शेतकऱ्यांकडे शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना आहे.

या परवान्यावर बोलणे पुष्कळ होते. तो मिळत नाही, नूतनीकरणाला खेपा पडतात, निवडणूक आली की ऐन हंगामात बंदूक जमा करावी लागते. सगळे खरे आहे. पण बार उडाल्यावर हातात उरते ती रिकामी पुंगळी, तिच्याबद्दल कधी चार माणसांत बोलणे झालेले मी ऐकले नाही. ती कुणी बांधावर टाकतो, कुणी खिळ्यांच्या डब्यात ठेवतो, कुणी पोरांच्या हातात शिट्टी म्हणून देतो, कुणी भंगारवाल्याला घालतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. रिकामी पुंगळी ही तुमच्या परवान्याची पावती आहे. ती मोजून ठेवावी, तिचा हिशेब लिहावा, आणि सरकारने ती परत घेण्याची सोपी व्यवस्था करावी. यातले पहिले दोन तुमच्या हातात आहेत. तिसऱ्यासाठी ग्रामपंचायत, पोलीस पाटील आणि तालुक्याच्या कचेऱ्यांनी मनावर घ्यायला हवे.

शेतीखात्याच्या माणसाने बंदुकीवर कशाला लिहायचे, असे कुणी विचारील. बंदूक शेतीसाठी दिली आहे, बार शेतात उडतो, पुंगळी शेतात पडते आणि पाय त्याच शेतात ठेवायचा असतो. तेव्हा हा विषय शेतीचाच आहे.

कोणती पुंगळी कोणाची?

आधी ओळख करून घेऊ, कारण सगळ्या पुंगळ्या एका मापाच्या नाहीत आणि त्यांचे पुढे काय करायचे तेही वेगळे आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये शेतीसंरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीक राखणीसाठी मुख्यतः ठासणीची बंदूक, आणि परिस्थिती पाहता ठासणीने भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, असा तो हिशेब आहे. गुळगुळीत नळीची म्हणजे आपली बारा बोअर, एकनळी किंवा दुनळी. नळीत आटे असलेली रायफल या तरतुदीत बसत नाही.

ठासणीच्या बंदुकीला काडतूसच नसते. दारू, छर्रे नळीतून ठासायचे आणि वर टोपी बसवायची. तिच्यातून पुंगळी निघत नाही, फार तर फुटलेली तांब्याची टोपी पडते. बारा बोअरची पुंगळी म्हणजे बोटभर लांबीची प्लॅस्टिकची किंवा जाड कागदाची नळी आणि तिच्या बुडाला पितळी किंवा पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडाची वाटी. रायफलची पुंगळी बहुधा सबंध पितळेची असते आणि मोठ्या रायफलची असेल तर तोंडाशी बाटलीच्या गळ्यासारखी निमुळती होते. या पितळेत साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. म्हणून तर भंगारवाल्याला ते आवडते.

आता सरळ विचार करा. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर रायफल नाही. मग आपल्या रानात, शेताच्या कडेला बाटलीच्या गळ्याची पितळी पुंगळी सापडली, तर ती राखणदाराची नाही हे उघड आहे. तिच्याबद्दल पुढे बोलू. आधी आपल्या घरच्या बारा बोअरकडे पाहू.

खाचरात पडलेली पुंगळी

प्लॅस्टिकची नळी चिखलात वर्षानुवर्षे कुजत नाही. बुडाची वाटी लोखंडी असेल तर ती गंजते, आणि पॉवर टिलरच्या पात्याखाली चेपली की तिला धार येते. आपल्याकडे लावणी अनवाणी होते. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून आवण लावणाऱ्या बायकांच्या तळव्याला असली वाटी लागली तर जखम होणार. पावसाळ्यात कोकणातल्या भातखाचरात पायाची जखम म्हणजे साधी गोष्ट नव्हे. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचे जंतू अशा जखमेतूनच अंगात शिरतात. धनुर्वाताचे तर सांगायलाच नको.

दुसरे संकट गुरांचे. गाय-बैल चारा ओठांनी निवडून खात नाहीत. पेंढ्यात तार, खिळा, पत्र्याचा तुकडा आला की तो तसाच गिळला जातो. असा धारदार तुकडा जाळीच्या पोटात अडकतो, पोटाची भिंत भेदून पुढे काळजापर्यंत जातो आणि चांगले दुभते जनावर हातचे जाते. गुरांच्या डॉक्टरांना विचारा, ते अशी उदाहरणे सांगतील. मळणीच्या खळ्याशेजारी बार काढला असेल तर पेंढ्याची उडवी रचण्यापूर्वी पुंगळी शोधून काढा.

यावर उपाय अगदी सोपा आहे. आपल्याकडच्या साध्या एकनळी-दुनळी बंदुकींत बहुधा बार झाल्यावर नळी मोडून पुंगळी हातानेच ओढून काढावी लागते. ती आपोआप लांब उडून पडत नाही. म्हणजे ती आपल्या हातातच असते. टाकायची ती बांधावर न टाकता खिशात टाकायची, एवढाच फरक. राखणीला जाताना काडतुसांसाठी एक पिशवी आणि पुंगळ्यांसाठी दुसरी, असे दोन कप्पे ठेवा. अंधारात भरलेले आणि रिकामे एकाच खिशात घालू नका.

घरातली पुंगळी

पुंगळीला तोंड लावून पोरे शिट्टी वाजवतात, आपणही लहानपणी वाजवली असेल. ती सवय मोडली पाहिजे. काडतुसाच्या बुडाच्या टोपीत जे मिश्रण असते त्यात शिशाची संयुगे वापरण्याची पद्धत आहे. बार झाल्यावर त्याची काजळी पुंगळीच्या आत बसते. शिवाय छर्रेही शिशाचेच असतात. बारा बोअरच्या एका काडतुसात साधारण ३० ग्रॅम छर्रे असतात. शिसे अंगात गेले तर सर्वांत जास्त नुकसान लहान मुलांचे होते, मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि ते दिसत नसल्याने लक्षातही येत नाही. म्हणून पुंगळ्या स्वयंपाकघरात नकोत, धान्याच्या कणगीजवळ नकोत, मुलांच्या हातात तर नकोतच. हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि मगच भाकरीला हात लावा.

याहून मोठा धोका न उडालेल्या काडतुसाचा आहे. घोडा ओढला, खट्ट झाले, बार झाला नाही, असे जुन्या किंवा ओल लागलेल्या काडतुसाचे होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर होतेच. अशा वेळी नळी लगेच मोडू नका. काही काडतुसे उशिराने उडतात. नळीचे तोंड माणूस, घर, गोठा नसलेल्या दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा, मग काडतूस काढा.

असे काडतूस पुंगळ्यांच्या डब्यात गेले तर? त्याच्या टोपीवर खळगा पडलेला असतो, त्यामुळे मागून पाहणाऱ्याला ते उडालेले वाटते. फरक तोंडाकडे पाहून कळतो. उडालेल्या पुंगळीचे तोंड उघडे असते, आत बोट जाते. न उडालेल्याचे तोंड मिटलेले, दुमडलेले असते आणि ते हाताला जड लागते. टोपीवर खूण, पण तोंड बंद, म्हणजे काडतूस जिवंत. ते हातोडीने ठोकायचे नाही, चुलीत टाकायचे नाही, विहिरीत-नदीत फेकायचे नाही, फोडून आतली दारू काढायची नाही. वेगळे ठेवून ते पोलीस ठाण्यात द्या.

भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर रिकामे-भरलेले कुणी तपासत नाही. तिथून माल भट्टीत जातो. भट्टीसमोर उभा राहणारा मजूरही कुणाचा तरी मुलगा असतो.

कायदा काय सांगतो?

रिकामी पुंगळी घरात सापडली म्हणजे गुन्हा झाला का, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, आणि म्हणूनच लोक ती घाईघाईने फेकतात. भीती अर्धवट माहितीतून येते.

शस्त्र अधिनियमाच्या कलम २ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे तिच्यात दारूगोळ्याचे भागही येतात. पण त्याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट दिलेली आहे. शस्त्राचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ भाग कुणाकडे असतील आणि ते त्यांच्या जोडीच्या दुसऱ्या भागांबरोबर वापरण्याचा हेतू नसेल, तर त्यांना हा कायदा लागू होत नाही. सगळा भर हेतूवर आहे. नुसती रिकामी पुंगळी किल्लीला लावलेली सापडली आणि नव्या टोप्या, दारू, छर्रे यांच्या शेजारी पन्नास पुंगळ्या नीट रचून ठेवलेल्या सापडल्या, या दोन गोष्टींकडे कुणीही वेगवेगळ्या नजरेने पाहील.

हे ठासणीवाल्यांनी विशेष लक्षात घ्यावे. तुमच्या घरात परवान्यावर दारू, छर्रे, टोप्या असतातच. त्यात शेजाऱ्याच्या बारा बोअरच्या पुंगळ्या सापडल्या तर तुम्हाला उगाच उत्तरे देत बसावे लागेल. दुसऱ्याची पुंगळी घरात ठेवू नका, कुणी "असू दे रे तुझ्याकडे" म्हणाला तरी.

आणि रिकाम्या पुंगळीत पुन्हा दारू भरण्याचा उद्योग कुणी करीत असेल तर त्याने तो आजच बंद करावा. परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा कमीत कमी ७ वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी झाली आहे. कायद्याचे सोडा, घरगुती भरलेले काडतूस नळी फोडते. दारूचे माप थोडे चुकले की डोळा गेला, बोटे गेली. चार पैसे वाचवण्यासाठी हा सौदा परवडणारा नाही.

आणखी एक गोष्ट. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर पिकाचे नुकसान करीत असले तरी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे त्याला मारण्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावीच लागते. हाकलण्यासाठी हवेत बार काढणे वेगळे आणि जनावरावर नेम धरणे वेगळे. परवानगी घेऊन डुक्कर मारले असेल तर त्या बाराच्या पुंगळ्या तशाच, न चेपता, पंचनामा होईपर्यंत जपून ठेवा. कायदेशीर वागलात याचा तो पुरावा आहे.

फेकलेल्या पुंगळीवर तुमची सही असते

बंदुकीची पिन टोपीवर आपटते तेव्हा टोपीवर ठसा उमटतो. प्रत्येक बंदुकीच्या पिनेचा ठसा बारकाव्यात वेगळा असतो. पुंगळी आणि बंदूक दोन्ही तपासून, ही पुंगळी याच बंदुकीतून उडाली का, हे सांगणारे तज्ज्ञ असतात. मुंबईला कलिना येथे राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, तिथे हे काम चालते.

आता समजा, तुम्ही पाच-सहा पुंगळ्या बांधावर टाकल्या. त्यातली एक कुणी उचलली. उद्या वरच्या रानात कुणी भेकर मारले आणि त्या जागी ती पुंगळी सापडली, कुणी मुद्दाम टाकली किंवा पोरांनी खेळताना नेली, तर तपास कुठे येऊन पोहोचेल? तुमच्या दारात. भाऊबंदकी, बांधाचे भांडण, ग्रामपंचायतीचे राजकारण हे सगळे गावात असते. आपण कोऱ्या कागदावर सही करून तो रस्त्यावर टाकत नाही. पुंगळीचे तेच आहे.

हिशेब ठेवणारा माणूस अशा वेळी ताठ मानेने सांगू शकतो, "साहेब, माझी वही बघा, डबा बघा, मोजून घ्या."

फौजेतल्या माणसाला विचारा

महाड तालुक्यात फौजी आंबवडे आहे, घरटी सैनिक देणारे गाव म्हणून त्याचे नाव सगळीकडे झाले आहे. इतरही गावांत निवृत्त जवान आहेत. त्यांतल्या कुणालाही विचारा, चांदमारीच्या मैदानावर गोळीबार संपल्यावर काय होते? ते सांगतील, आधी पुंगळ्या वेचायच्या, मोजायच्या, जितक्या गोळ्या दिल्या तितक्यांचा मेळ घालायचा. आपल्याकडे जिवंत किंवा रिकामे काडतूस राहिलेले नाही असे जवानाने तोंडाने सांगायचे आणि मगच मैदान सोडायचे. ती पुंगळी सरकारी हिशेबातली वस्तू असते.

ही शिस्त का? गोळ्या महाग म्हणून नव्हे. पुंगळीचा मेळ बसला नाही तर एखादी जिवंत गोळी बाहेर गेली असण्याची शंका येते. देशाची फौज जर एकेका पुंगळीचा हिशेब ठेवते, तर वर्षाला आठ-दहा बार काढणाऱ्या शेतकऱ्याला तो जड जाऊ नये.

त्यासाठी शाळकरी वही पुरे. पानावर सहा रकाने पाडा : तारीख, शेताचे नाव किंवा गट नंबर, कारण, किती बार, किती पुंगळ्या आणल्या, शिल्लक काडतुसे. काडतुसे विकत घेतली की त्याची नोंद वर लिहा. उदाहरणादाखल वर्षअखेरीचा मेळ असा दिसेल : खरेदी २५, उडालेली ७, न उडालेले १, शिल्लक १७. सात आणि एक आणि सतरा, झाले पंचवीस. पुंगळ्या मात्र ६ आहेत, एक अंधारात ओढ्यात पडली. तसेच लिहा : "१ हरवली, अमुक तारखेला, अमुक ठिकाणी." हरवल्याची नोंद त्याच दिवशी झालेली असेल तर ती खरी वाटते. लपवाछपवीने शंका वाढते.

पुंगळ्यांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. त्यात जिवंत काडतूस एकही नको. डबा आणि काडतुसांची पेटी दोन्ही कुलपात, मुलांच्या हाताबाहेर. वर्षाच्या पुंगळ्या वेगळ्या पुरचुंडीत बांधून वर चिठ्ठी लावा.

या वहीचा दुसरा फायदा कुणी सांगत नाही. परवाना नूतनीकरणाला गेले की विचारतात, बंदुकीची खरोखर गरज आहे का? तोंडी "डुक्कर फार झालेत साहेब" म्हणण्यापेक्षा, गेल्या तीन हंगामांत कोणत्या तारखांना कोणत्या खाचरात कळप आला आणि किती बार काढावे लागले, हे वहीत दाखवता आले तर? पीक नुकसानीचे पंचनामे जोडले तर? ती तुमच्या गरजेची लेखी साक्ष होते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे. पाच वर्षांची अशी वही ज्याच्याकडे आहे, त्याच्या अर्जाला नाही म्हणणे कुणालाही जड जाईल.

रायफलची पुंगळी सापडली तर

आता मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न. गुरे चारताना, लाकूडफाट्याला गेल्यावर, रानभाज्या वेचताना पितळी, निमुळत्या गळ्याची पुंगळी सापडली तर काय करायचे?

उचलू नका. ती कुणाची आहे हे आपल्याला माहीत नाही. तिच्या बुडावर कारखान्याची खूण आणि पुष्कळदा वर्ष कोरलेले असते. पुण्याजवळचा खडकीचा आणि भुसावळजवळचा वरणगावचा असे दोन मोठे काडतूस कारखाने आपल्याच राज्यात आहेत. तिच्यावरून माग काढणे हे तपास करणाऱ्यांचे काम आहे आणि आपण हाताळून तो पुसू नये. जागा लक्षात ठेवा, शेजारी एक दगड उभा करून खूण करा, आणि पोलीस पाटलांना व वनरक्षकांना त्याच दिवशी कळवा. वरंध किंवा आंबेनळीच्या घाटाखालच्या रानात रायफलचा आवाज कशासाठी होतो, हे गावाला कळायला हवे. चोरटी शिकार करणारा रात्री येऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी संशय मात्र परवानाधारक शेतकऱ्यावर येतो. म्हणून कळवणे हे तुमच्या स्वतःच्या बचावाचे आहे.

"चांगले पितळ आहे, चार पैसे येतील" हा मोह टाळा. भंगारासाठी फौजेच्या मैदानांवर जाऊन माणसे जिवाला मुकल्याची उदाहरणे आपल्या राज्यात आहेत. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजच्या परिसरात न फुटलेले गोळे धातूसाठी हाताळताना बळी गेले आहेत. वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ सोनेगाव आबाजी इथे २० नोव्हेंबर २०१८ रोजी मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण गेले. तिथे काम सरकारी देखरेखीखाली होते, तरी असे झाले. मग आपण घरच्या ओटीवर पक्कड आणि हातोडी घेऊन बसावे काय?

सरकारकडे मागणे

आता कचेऱ्यांतल्या मंडळींना दोन शब्द. शेतकऱ्याने मोजून ठेवलेली पुंगळी घेऊन कुठे जायचे? आज हा प्रश्न त्याने विचारला तर ठरलेले एक उत्तर मिळत नाही. काडतूस घेताना परवान्यावर नोंद होते, पण उडालेले काडतूस कुठे गेले हे विचारणारा रकाना शेतकऱ्याच्या हाती नसतो. उत्तर प्रदेशात नवीन काडतुसे घेताना जुन्या पुंगळ्या जमा करण्याची अट घातली गेली. तशी सक्ती इथे लगेच करा, असे मी म्हणत नाही. ओढ्यात पडलेल्या एका पुंगळीसाठी शेतकऱ्याचे काडतूस अडू नये. पण घेण्याची सोय तरी करा.

ती सोय नव्या खेपेशिवाय होऊ शकते. निवडणुकीच्या काळात छाननी समिती ठरवील त्या परवानाधारकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. म्हणजे भातकापणीचा सबंध हंगाम त्यात गेला. शेतकऱ्याने तेवढी झळ सोसायची असेल, तर त्याच टेबलावर त्याच्या पुंगळ्याही मोजून घ्या, वहीवर शिक्का मारा आणि पावती द्या. नूतनीकरणाच्या तपासणीलाही असेच करता येईल. जमा झालेल्या पुंगळ्या पंचांसमोर निकामी करून त्यांची विल्हेवाट सरकारी पद्धतीने लावता येईल. पोलीस पाटलांनी आपल्या गावातल्या परवानाधारकांची यादी घेऊन वर्षातून एकदा, भाताच्या हंगामानंतर, वह्या पाहिल्या तरी पुष्कळ काम होईल.

आणि एक कळकळीची विनंती. पुंगळी किंवा न उडालेले काडतूस घेऊन जो शेतकरी आपण होऊन ठाण्यात येतो, त्याला बाकावर बसवून ठेवू नका, संशयिताप्रमाणे प्रश्न विचारू नका. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून माणूस एस.टी. पकडून येतो, त्याची मजुरी बुडते. परवान्याचे काम जिल्ह्याला निघाले तर अलिबाग शंभरावर किलोमीटर. पहिल्या माणसाला त्रास झाला की ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळते, आणि दुसऱ्या दिवसापासून पुंगळ्या पुन्हा नदीत जाऊ लागतात.

काही शेतकरी म्हणतील, "हिशेब दाखवला तर उलट विचारतील, इतके बार का काढलेस?" विचारू द्या. किती काडतुसे बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची हे परवान्यावरच लिहिलेले असते. त्या आत असाल आणि प्रत्येक बारापुढे कारण लिहिले असेल, तर घाबरायचे कशाला? हिशेब नसलेल्यालाच प्रश्न जड जातात.

शेतीसंरक्षणाचा परवाना हा विश्वासावर दिलेला आहे. एका गावात एकाच्या बंदुकीचा गैरवापर झाला की पुढच्या दहा जणांचे अर्ज पडून राहतात. तो विश्वास टिकवण्याचे जे साधन आपल्या खिशात मावते, ते बांधावर फेकू नका.

घराच्या भिंतीवर लावण्यापुरते थोडक्यात सांगतो :

१) बार झाला की पुंगळी खिशात. शेतात, पेंढ्यात, पाण्यात नाही.

२) टोपीवर खूण पण तोंड बंद, तर ते जिवंत. ठोकू नका, जाळू नका, ठाण्यात द्या.

३) मुलांच्या हातात नाही, भंगारात नाही, पुन्हा भरायची नाही.

४) रोजची नोंद वहीत, वर्षाची पुरचुंडी डब्यात, डबा कुलपात.

५) रानात सापडलेली अनोळखी पुंगळी उचलू नका; पोलीस पाटील आणि वनरक्षकांना कळवा.

येत्या ग्रामसभेत हा विषय एकदा घ्या. पुंगळ्या ठाण्यात पावती देऊन स्वीकाराव्यात असा चार ओळींचा ठराव करा आणि तहसीलदार व पोलीस ठाण्याकडे पाठवा. दोन्ही तालुक्यांतून दहा-वीस गावांचे ठराव गेले तर वरच्यांनाही त्याची दखल घ्यावी लागेल. तोपर्यंत वही आजच आणा. हंगाम दारात आहे.